काजळीचा भोवरा

मी रडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. मालिकेत कुणाच्या सासूला ठसका लागला तरी माझा पदर डोळ्याला जातो. शेजारच्या मुलीला सासरी वाटे लावताना मी तिच्या आईपेक्षा जास्त रडले होते, आणि त्या मुलीची माझी ओळख फक्त जिन्यातली. आमचे हे, वामनराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लग्नाला निघताना स्वतःचा चष्मा विसरतील, पण माझ्यासाठी दोन जास्तीचे रुमाल खिशात टाकायला विसरत नाहीत. थोरला सुयश मला 'नळ' म्हणतो. धाकटी श्रद्धा काहीच म्हणत नाही, कारण लग्नात तिचं लक्ष माझ्याकडे नसतंच. ते घोडीकडे असतं.

हे खूळ तिच्यात कुठून आलं, देव जाणे. तिच्या बापानं जन्मात सायकलच्या पुढची पायरी चढली नाही आणि मी तर गायीलासुद्धा लांबून नमस्कार करणारी. जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घराखालून लग्नसराईत वराती जातात. श्रद्धा तीन वर्षांची असेल. एक वरात नेमकी आमच्या दारात थांबली, पोरांनी नाचायला रिंगण धरलं, आणि मी गॅलरीतून नवरदेवाचं नाक कसं आहे ते बघत असताना ही जिना उतरून पसार. सगळं घर धुंडाळलं. सापडली ती घोडीच्या पुढच्या दोन पायांमध्ये, एका पायाला मिठी मारून उभी. घोडीवाला मला म्हणाला, "बाई, मी केव्हाचा लगाम ओढून राह्यलो, ही पाय उचलायला तयार न्हाई. खाली वाकून पाहिलं तं तुमची पोरगी!" मी अर्थातच रडले. श्रद्धाही रडली, पण ती घोडी पुढे निघून गेली म्हणून.

मला वाटलं, पोरांची खुळं गोवरासारखी येतात आणि जातात. हे काही गेलं नाही. शाळेत 'माझे कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं, तर हिनं आम्ही चौघं काढले आणि मध्ये एक घोडा, आणि घोडा वामनरावांपेक्षा मोठा. भिजवलेले हरभरे ती वाटीला हात न लावता तोंडानं खायची. कथ्थकच्या क्लासला घातलं, तर घुंगरं घरी आणून खुर्चीच्या पायांना बांधली आणि खुर्चीला नाव ठेवलं बिजली. संध्याकाळी वामनराव घोडा आणि ही स्वार. एकदा त्यांचे साहेब अचानक घरी आले, तेव्हा हे लुंगी नेसून, तोंडात माझ्या परकराची नाडी धरून बैठकीत रांगत होते. साहेब चहा न घेताच गेले. वामनराव मात्र म्हणाले, "असू दे गं, पोरगी खूष आहे ना." तिच्या प्रत्येक हट्टाला ते हेच म्हणत आले आहेत, आणि मी प्रत्येक वेळी आधी चिडले आहे.

पोरगी खऱ्या अर्थानं घोड्यात गेली ती हसनाबादला. तिथं माझा धाकटा भाऊ अंगद शेती करतो, आणि लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी भाड्यानं देतो. त्याच्याकडे राणी नावाची जुनी घोडी होती. सुट्टी लागली की श्रद्धा पिशवी भरून तयार. मला वाटायचं मामा लाड करेल, घोडीवर बसवून फिरवेल. अंगदनं पहिल्या सुट्टीत तिला बसूच दिलं नाही. "आधी घोडीखालची लीद उचलायची. मंग खरारा करायचा. मंग बघू," म्हणाला. माझ्या घरी स्वतःचं ताट न उचलणारी ही मुलगी तिथं पहाटे उठून लीद भरायची, खराऱ्यानं राणीचं अंग घासायची, आणि तक्रार म्हणून एक शब्द नाही. मी दाराआडून बघितलं की मला नवल वाटायचं. घरात दूध तापायचा धीर नसलेली पोरगी राणीनं पाय उचलून द्यावा म्हणून उकिडवी बसून राहायची, ओरडायची नाही, ओढायची नाही. हा धीर तिला आम्ही दिलेला नाही. तो तिचा तिनं कमावलेला.

ती आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत राणी व्याली. सकाळी आम्ही गेलो तेव्हा शिंगरू आपल्या लांबलचक पायांवर उभं राहायची खटपट करत होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मी 'गोड आहे गं' म्हणणार, तेवढ्यात अंगदचा चेहरा पाहिला. त्यानं शिंगराच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं होतं. तिथं केसांचा एक छोटा भोवरा होता.

घोडा घेताना आमच्याकडे आधी भोवरे बघतात. कुठला भोवरा कुठं असला म्हणजे भाग्याचा आणि कुठला वाईट, हे जुन्या माणसांना तोंडपाठ. डोळ्याखालचा तो आसवाचा भोवरा. अशा घोडीवर नवरदेव बसला, तर त्याच्या आईच्या डोळ्याला त्याच दिवशी धार लागते आणि मग ती कधी थांबत नाही, असं म्हणतात. कुठल्या घरची माणसं अशी घोडी दारात बोलावतील?

"ताई, कामातून गेली ही," अंगद मला हळूच म्हणाला.

श्रद्धा शिंगराच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत होती. "मामा," ती म्हणाली, "हिचं काजळ फिसकटलंय. पण छान दिसतं." आणि त्या शिंगराचं नाव काजळी पडलं.

पुढची नऊ वर्षं मी सविस्तर सांगत बसत नाही. आमच्या घरातल्या प्रत्येकाला ती पाठ आहेत. श्रद्धा शनिवारी शाळा सुटली की हसनाबादची बस धरायची आणि रविवारी रात्रीच्या आत परत. दहावीची परीक्षा असो की ताप असो. कॉलेजात गेली, बी.एस्सी. झाली, जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत नोकरीला लागली, तरी शनिवार काजळीचा. बायका मला विचारायच्या, "मुलगी कुठंय?" मी म्हणायची, "माहेरी गेली." माझ्या माहेरी, हे त्यांना सांगावं लागायचं.

काजळीला तिनं जसं शिकवलं, ते मी तरी कुठं पाहिलं नव्हतं. लग्नातल्या घोडीला ढोल, डीजे, फटाके सगळं सोसावं लागतं. काही लोक पायावर छडी मारून घोडी नाचवायला शिकवतात. श्रद्धानं छडी हातात धरली नाही. काजळी लहान असताना हरभरे द्यायच्या आधी ती स्टीलचं ताट हळूच वाजवायची. मग जोरात. मग मोबाइलवर बँड लावायचा आणि गूळ द्यायचा. मग कुणाच्या लग्नाच्या कडेला, लांब बाभळीखाली उभं राहायचं आणि गूळ द्यायचा. करता करता काजळीची अशी समजूत झाली, की जगात जेव्हा मोठा आवाज होतो तेव्हा कुणाला तरी गूळ मिळणार असतो. फटाका फुटला की ती पळायच्या ऐवजी श्रद्धाची ओंजळ हुंगायची. अंगद म्हणायचा, "ताई, मी एवढी जनावरं पाळली, पण असं न्हाई पाहिलं. तुझ्या पोरीच्या हातात काय हाय, मला समजंना."

पण एवढी गुणाची घोडी कुणी नेईना. मागच्या वर्षी राणी गेली. अंगदचे गुडघे गेलेत, त्याची मुलं पुण्याला. या पावसाळ्यात त्यानं श्रद्धाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "बाई, बसून खाणारं जनावर मला आता झेपत न्हाई. या लग्नसराईत काजळीवर एक तरी नवरदेव बसला पाहिजे. एक बसला की दुसरे येतात. न्हाई बसला तं माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात नेऊन सोडतो. तिथं भोवरा बघून कुणी घरात घ्यायचं न्हाई, मंग कोण कशाला घेतं तुला ठाव हाय."

श्रद्धाला ठाऊक होतं. ती दोन दिवस जेवली नाही. आणि तिसऱ्या दिवशी ती सुयशसमोर जाऊन उभी राहिली, कारण त्याच्या लग्नाची सुपारी नुकतीच फुटली होती.

सुयशला घोड्याची भीती वाटते. त्यानं उघड्या टपाची मोटार ठरवली होती. तरी त्यानं बहिणीला विचारलं, "लगाम कोण धरणार?"

"मी."

"सोडणार नाहीस?"

"नाही."

"मग बसतो," तो म्हणाला. माझा नळ तेव्हाच सुरू झाला.

लग्न राजूरचं. मुलगी आकांक्षा, तिचे वडील अप्पाराव जुने शेतकरी, माणूस दिलदार. पण त्यांच्या आई सोनूबाई म्हणजे घरातलं शेवटचं न्यायालय. म्हणून मी आणि अंगदनं एक युक्ती केली. काजळीच्या तोंडावर बांधायला मी लाल मखमलीचा साज शिवून घेतला, मोती लावलेला, बरोबर डोळ्याखालून जाणारा. भोवरा दिसला नाही म्हणजे झालं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

लग्नाच्या सकाळी मारुतीच्या देवळासमोर काजळी उभी होती. श्रद्धा करवली, तेव्हा पैठणी नेसलेली, पण निऱ्या वर खोचून खाली बूट घातलेले. काजळीच्या पाठीवर भरजरी झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि तोंड मोकळं.

"साज कुठंय गं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पिशवीत."

"अगं वेडी का काय तू! म्हातारी आत्ता येईल."

"येऊ दे ना आई," ती काजळीच्या आयाळीतून बोटं फिरवत म्हणाली. "लपवून नेली तर आजचा दिवस निघेल. उद्या कुणाला कळलं तर म्हणतील, यांनी फसवलं. मग तिला कोण नेईल? तिच्यात वाईट असं काही नाही. मी का झाकू?"

मी पिशवीकडे हात नेला. एवढ्यात वधूकडची मंडळी नवरदेवाचा पोशाख घेऊन आली. पुढे अप्पाराव, त्यांच्या हाताला धरून सोनूबाई. म्हातारीची नजर आधी घोडीकडेच गेली. ती काठी टेकत सरळ काजळीच्या तोंडाशी आली, वाकली, आणि तिनं काठी जमिनीवर आपटली.

"ही तं आसवाची घोडी हाय! आप्पा, बाजा बंद कर!"

बँड बंद झाला. सगळीकडे कुजबूज सुरू झाली. अप्पाराव बिचारे ओशाळले. "ईहीनबाई, तुम्हाला ठाव नसंल. काही हरकत न्हाई, माझी गाडी हाय. जल्दी सजवून घेतो." सुयश फेटा सावरत उभा. वामनराव खिशातला रुमाल चाचपत उभे. अंगदनं मान खाली घातली होती, आणि मला कळलं की तो माळेगावचा रस्ता बघतोय.

श्रद्धाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण लगामावरचा तिचा हात सैलच होता. आवाज चढला तर काजळी बिथरेल, म्हणून ती एवढ्या गर्दीतसुद्धा हळूच बोलली. "आजी, भोवरा हाय. मी लपवला न्हाई. पण हिनं कधी कुणाला लाथ मारली न्हाई, कधी कुणाला पाडलं न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलात तर मी तिला घरी नेते." आणि खरंच तिनं काजळीला वळवायला लगाम उचलला. तिनं हुज्जत घातली असती तर मी गप्प राहिले असते. ती वळली, ते मला बघवलं नाही.

"थांब," मी म्हणाले. पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या एवढ्या जवळ गेले. "आजी, ही घोडी रडवते कुणाला?"

"नवरदेवाच्या आईला. बसल्या दिवशीच."

"नवरदेवाची आई मी. रडायचं मला आहे, मग तुम्ही का घाबरता? आज दिवसभर माझ्याकडे बघा. माझ्या डोळ्यात एक टिपूस दिसलं, तर तुमचं बरोबर आणि घोडी यात्रेला. नाही दिसलं, तर पुन्हा कुणी हिला आसवाची म्हणायचं नाही."

माझ्यामागे वामनरावांच्या तोंडून "अरे देवा" असं स्पष्ट ऐकू आलं. सुयशनं कपाळाला हात लावला. आमच्या घरच्या सगळ्यांना वाटलं, काजळी गेली.

सोनूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "चालंल," त्या म्हणाल्या. "बाजा सुरू कर रे."

मी ओवाळणीच्या ताटातलं कुंकू घेतलं. कपाळाला लावायचं असतं. मी ते काजळीच्या डोळ्याखाली, त्या भोवऱ्यावर लावलं, म्हणजे ज्याला बघायचं त्याला लांबूनही दिसावा. काजळीनं माझं मनगट हुंगलं. तिला वाटलं असेल, बाई बोलली मोठ्यानं, गूळ कुठंय.

आणि मग माझी परीक्षा सुरू झाली. सुयश डोळे मिटून चढला. वरात निघाली. वेशीजवळ कुण्या उत्साही माणसानं फटाक्यांची माळ काजळीच्या पायांपुढेच पेटवली. माणसं चारी दिशांना पळाली. काजळी जागच्या जागी थांबली, मान वळवली, आणि श्रद्धाच्या पैठणीच्या ओच्यात तोंड घालून गूळ शोधू लागली. लोक टाळ्या वाजवायला लागले. श्रद्धानं गूळ दिला, कानात काहीतरी सांगितलं, आणि काजळी ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलून नाचू लागली. वर बसलेल्या सुयशनं एक डोळा उघडला, मग दुसरा, मग तो हसला.

मी माझ्या लेकीकडे बघत होते. घोडीच्या पायाला मिठी मारून उभी असलेली ती तीन वर्षांची पोरगी आता घोडीला घेऊन सगळ्या गावापुढून चालली होती. छडी नाही, ओढाताण नाही, सगळं सैल हातानं. कुणी शिकवलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही, मी तर कायम चिडचिडच केली, आणि तरी हे एवढं तिनं उभं केलं. डोळे चुरचुरले. वळून बघते तर सोनूबाई शेजारून चालल्या होत्या, नजर माझ्या चेहऱ्यावर रोखून. मी घाईघाईनं गॅस सिलिंडरचा विचार केला. मग पाण्याच्या टाकीचा. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईचा, आणि तिच्या आठवणीनं डोळे एकदम कोरडे झाले. एरवी ती कधी कामाला आली नव्हती.

मंगलाष्टकं निघाली, त्या बाईवर. सुयशनं वाकून नमस्कार केला, त्या बाईवर. पाठवणीला मात्र फार जड गेलं. आकांक्षा आईच्या गळ्यात पडली, अप्पाराव उपरणं तोंडावर धरून हुंदके देऊ लागले, बँडवाला रडला, शेवटी सोनूबाईसुद्धा नातीला कवटाळून रडल्या. वामनराव माझ्यासाठी आणलेल्या दोन्ही रुमालांनी स्वतःच डोळे पुसत होते. सगळ्या मांडवात कोरडी मी एकटी, सुपारी दाताखाली धरून. आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा सोनूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "घोडी चांगली हाय. ईहीन तेवढी दगडाच्या काळजाची मिळाली." माझ्याबद्दल असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि शनिवारी मी श्रद्धाबरोबर हसनाबादच्या बसमध्ये बसले. डब्यात बुंदीचे लाडू होते, काजळीसाठी. अंगद गोठ्याबाहेर फोन धरून उभा होता. आम्हाला बघून त्यानं फोन खिशात टाकला आणि नुसताच हसत राहिला.

"अप्पारावांचा होता," तो म्हणाला. "पुतण्याचं लग्न हाय त्यांच्या. म्हातारीनं सांगितलं म्हणे, तीच घोडी आणा, ती भोवऱ्याची. आणि लगाम त्या पोरीनंच धरायचा." तो श्रद्धाकडे वळला. "माळेगावला आता मी एकटाच जातो, तिच्यासाठी नवा साज आणायला. तोंड मोकळं राहील असा."

श्रद्धानं आत जाऊन काजळीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, ये. इथं सोनूआजी नाही. आता रड."

तेवढीच वाट बघत होते मी. काजळीच्या मानेत तोंड खुपसून मी लग्नाचं सगळं रडून घेतलं, मंगलाष्टकांचं, पाठवणीचं आणि माझ्या लेकीचं. काजळी हलली नाही. एक पाय उचलून थोडी सरकली तेवढं, मला नीट टेकता यावं म्हणून.

मी मान वर केली तेव्हा श्रद्धा माझ्या तोंडाकडे बघून हसत होती.

"आई, तुझं काजळ फिसकटलंय," ती म्हणाली, आणि पदराकडे गेलेला माझा हात तिनं धरला. "असू दे. छान दिसतं."